पेज प्यायलेली सात मडकी

८ मार्च १९५८, शनिवार. चाकणच्या बाजारात मंजुळाबाईने सात मडकी घेतली आणि दोन रुपये सतरा नवे पैसे मोजले. मडकीवाल्या गोजाबाईच्या हिशेबाने मात्र ते दोन रुपये एकोणीस होत होते.

भाव ठरला होता पाच आण्याला एक. त्यावर कोणाचा वाद नव्हता. पण नवे पैसे येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि बाजारात तोंडाने आणे बोलायचे व हाताने पैसे मोजायचे अशी दुहेरी रीत चालू होती. मंजुळाबाईचा नवरा ज्योतीराम पिंपरीच्या औषधांच्या नव्या कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला होता. माल मोजून द्यायचा आणि मोजून घ्यायचा, हेच त्याचे काम.

"पाच आणे म्हणजे एकतीस नवे पैसे," तो म्हणाला. "साती एकतीस दोनशे सतरा. हे घ्या, मावशी."

गोजाबाईने पैसे घेतले नाहीत. "मडकी सुटी सुटी घेतली का एकदम घेतली? सात पंचे पस्तीस आणे. पस्तीस आणे म्हंजी दोन रुपये तीन आणे. आन् तीन आण्याचे एकोणीस पैसे व्हत्यात, ह्ये मला पोष्टातल्या मास्तरानं सांगितलंय."

गंमत अशी की सरकारी कोष्टकाप्रमाणे दोघांचेही बरोबर होते. ज्योतीरामच्या खिशात दोन रुपये सतराच्या पुढे बसचे भाडे तेवढे शिल्लक होते, आणि बसच्या भाड्याला हात लावायला तो तयार नव्हता.

"ऱ्हाऊ द्या मावशी, दोन पैसं पुढल्या बाजारी देते," मंजुळाबाई म्हणाली.

"दे गं बाये. पर इसरू नगंस. मी इसरायची न्हाई."

मडकी जुन्या धोतरात बांधली जात असताना गोजाबाईने विचारले, "एवढी सात कशाला? लगीन हाय का घरात?"

"लगीन न्हाई. येल लावायचेत. पाणी लई कमी हाय वो आमच्याकडं."

गोजाबाईचे डोळे चमकले. मातीची भांडी बागेत कशी वापरायची हे तिला माहेरापासून ठाऊक होते. "मग आसं कर. मडकं गळ्यापातुर जिमिनीत पूर. तोंड तेवढं वर. भवतीनं बी लाव. मडकं भरून ठिवायचं, वर झाकण ठिवायचं. येल चार पानांचा झाला की वरून पाण्याचा थेंब घालायचा न्हाई. वरून पाणी दिलं की मुळं आळशी व्हत्यात, खाली जात न्हाईत. म्होरचं काम मडकं करतंय."

एवढ्यात कोणी तरी रांजणाचा भाव विचारला आणि गोजाबाईचे तोंड तिकडे वळले. पुढचे काम मडके कसे करते, हे सांगायचे राहून गेले.

बसमध्ये कंडक्टरने गाठोड्याकडे पाहिले. "काय हो बाई, सात मडकी? अख्खं गावच गेलं की काय?"

"अवो, शुभ बोला की," मंजुळाबाई म्हणाली आणि गाठोडे मांडीवर घट्ट धरून बसली. भोसरीपासून पिंपरीपर्यंत दोघे पायी आले. एकही मडके फुटले नाही.

मंजुळाबाई माणदेशची. तिकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि पाणीही न पिता जातो, असे ती म्हणायची. पिंपरीत त्यांनी एका चाळीत खोली घेतली होती. आठ खोल्या, एक विहीर, आणि प्रत्येक खोलीच्या मागे पाच हात रुंद मुरमाड पट्टा. फाल्गुनात विहिरीचा तळ दिसू लागला तसे चाळीचे पुढारी अर्जुनराव यांनी फर्मान काढले, की दर खोलीला रोज चार बादल्या, जास्त नाही. अर्जुनराव लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. सकाळी सहा ते सात ते छडी घेऊन विहिरीवर उभे राहत, आणि पाचव्या बादलीला हात घालण्याची कोणाची छाती होत नसे.

एवढ्या थोड्या पाण्यात वेल लावायला तसेच कारण होते. आदल्या दिवाळीत मंजुळाबाईची आई ठकुबाई वारली. भाऊ मुंबईला निघून गेला होता, गावचे घर बंद झाले. बंद करताना मंजुळाबाईने भिंतीवर शेणात थापून ठेवलेले दोडक्याचे बी सुरीने खरवडून काढले आणि पदराला बांधून आणले. हातभर लांब, शिरांना धार नसलेला असा तो दोडका ठकुबाईच्या परसाखेरीज तिने कुठे पाहिला नव्हता. आईला तो तिच्या आईकडून आला होता. किड्यांनी खाल्लेले टाकून सात बिया धड निघाल्या. बी जुने झाले की रुजत नाही, आणि हे आधीच जुने होते. ते यंदाच लावायला हवे होते. या सातांतून एक तरी दोडका पिकून वाळेपर्यंत वेलावर टिकला, तर आईचे बी राहील. नाही टिकला, तर संपले.

आता मंजुळाबाईच्या एका कसबाबद्दल सांगायला हवे. नवे मडके आणले की त्यात तांदळाच्या कण्यांची दाट पेज रटरटवायची, ती आतून-बाहेरून चोपडायची, निवू द्यायची, आणि पुन्हा तेच. मग मातीची बारीक छिद्रे बुजतात आणि मडके दुधाचा थेंबही पीत नाही. हे सगळ्याच बायका करतात, पण मंजुळाबाईने पेज पाजलेले मडके जन्मात पाझरत नसे. शेजारची शालनबाई रत्नागिरीकडची, जिभेने तिखट. तीसुद्धा आपले दह्याचे मडके मंजुळाबाईकडे देऊन जायची. पाझरणारे मडके घरात असणे मंजुळाबाईला फाटके लुगडे नेसण्यासारखे वाटे.

तेव्हा सात नवी मडकी घरात आल्यावर तिने काय केले असेल?

तीन दिवस चूल पेजेसाठी पेटली. दोन शेर कण्या गेल्या.

"अगं, ही मडकी जमिनीत जायची," ज्योतीराम म्हणाला. "त्यांना कसला पाहुणचार?"

"नवं मडकं तसंच कोण वापरतं? माझ्या हातचं मडकं गळलं तर लोकं काय म्हनत्याल?"

सात मडकी पुरली गेली. प्रत्येकाशेजारी एक बी. मंजुळाबाई सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाला अर्धा अर्धा तांब्या पाणी घाली. पाडव्याच्या आत सातही बिया रुजल्या. रामनवमीपर्यंत चार चार पाने आली. त्या दिवशी गोजाबाईच्या सांगण्याप्रमाणे तिने वरचे पाणी बंद केले, मडकी काठोकाठ भरली, वर फुटक्या ताटल्या झाकल्या, आळ्यात पाचोळा पसरला आणि हात धुतले. म्होरचे काम मडके करणार होते.

चार दिवसांनी झाकण उघडले, तर मडकी भरलेली. आठ दिवसांनी पाहिले, तर पाणी जेमतेम दोन बोटे उतरलेले.

शालनबाईने कुंपणावरून पाहिले आणि तिचा घास तोंडातच राहिला. "वैनी, आठ दिवस झाले नि मडकी भरलेलीच? एक भरणं घातलं नि वेल जगतायत? हे काय बरकतीचं मडकं म्हणायचं की काय?"

"आमच्याकडची रीत हाय ती," मंजुळाबाई म्हणाली. तिला स्वतःलाही थोडे नवल वाटत होते, पण ते तिने शालनबाईला दाखवले नाही.

संध्याकाळपर्यंत बातमी आठही खोल्यांत गेली. दुसऱ्या दिवशी चौघीजणी आल्या आणि मडक्यांना हळदकुंकू लावून गेल्या. एकीने तर पाण्यात दुर्वा सोडली. अर्जुनरावांना वेगळाच संशय होता. मंजुळाबाई कोणाच्या नकळत पाचवी बादली ओढते आहे, असे त्यांनी मनाशी धरले होते. ते छडी घेऊन आले, प्रत्येक मडक्यात छडी बुडवून पाण्याची खूण पाहिली, आणि तीन दिवसांनी पुन्हा येऊन तीच खूण तपासली. खूण हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्यांनी सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, "याला म्हणतात काटकसर. वहिनींनी पंधरवड्यात बागेला एक बादली घातली नाही. नाहीतर तुम्ही! भांडी विसळायला तळं लागतं तुम्हाला."

मंजुळाबाईची मान ताठ झाली. पण मागच्या पट्ट्यात वेलांच्या माना पडू लागल्या होत्या.

आधी दुपारी पडायच्या आणि संध्याकाळी उठायच्या. मग संध्याकाळीही उठेनात. कडेचा वेल करपला. मग त्याच्या शेजारचा. तिने तांदूळ धुतलेले पाणी आळ्यात ओतले. वैशाखाचे ऊन जवळ आलेले, मुरमाने ते पाणी ताबडतोब गिळले आणि दुपारपर्यंत आळे पुन्हा पांढरे पडले. हळदकुंकू लावलेल्या मडक्यांशेजारी चार वेल मेले. तीन उरले.

"उन्हाळाच असा हाय," ती म्हणाली.

ज्योतीराम पाटाशी बसून भाकरी मोडत होता. "उन्हाळ्याचं राहू दे. मला एक सांग. आमच्या स्टोअरात तेलाचा डबा महिनाभर भरलेलाच दिसला, तर साहेब शाबासकी देत नाही. तो विचारतो, यंत्राला तेल कोणी घातलं? इथं पाणी जागच्या जागी आहे. मग वेलानं काय प्यालं?"

मंजुळाबाईचा हात परातीत थांबला. इतके सरळ होते ते. साऱ्या चाळीने ज्या गोष्टीसाठी मडक्यांना कुंकू लावले, नेमकी तीच गोष्ट चुकली होती.

"मग मडकं काम का करत न्हाई?"

"ते मला काय विचारतेस? जिच्याकडनं घेतलं तिला विचार."

शनिवारी तिने मेलेल्या वेलाशेजारचे एक मडके उकरून काढले आणि चाकणला नेले. आखिती, म्हणजे अक्षय्यतृतीया, अगदी तोंडावर आली होती, आणि गोजाबाईपुढे बायकांची झुंबड होती. आखितीला पितरांच्या नावाने मातीचे नवे भांडे पाण्याने भरून पुजायचे आणि ते पाणी दान द्यायचे. त्या भांड्याला केळी म्हणतात. वर्षातला गोजाबाईचा सर्वांत मोठा विक्रीचा आठवडा तो.

"मावशी, ह्ये मडकं बिघडलेलं हाय," मंजुळाबाई म्हणाली.

"माझं मडकं?" गोजाबाईने ते हिसकावून घेतले. बोटाने टिचकी मारली, मडके खणखणले. आत हात फिरवला. हात गुळगुळीत फिरला. मग तिने नाक आत घातले, आणि बाहेर काढले तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"बाये, ह्याला पेज पाजलीस तू?"

"व्हय. दोन येळा. नव्या मडक्याला पाजत्यातच की."

गोजाबाई हसायला लागली. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. "आगं ऐका गं! हिनं येलाच्या मडक्याला जेवू घातलंया! पोट भरलं त्याचं, आता ते कशाला घाम गाळंल?"

केळी घ्यायला आलेल्या बायकाही हसल्या. मंजुळाबाईला धरणी पोटात घेईल तर बरे असे झाले.

हसू ओसरल्यावर गोजाबाईने तिला जवळ बसवून घेतले. "पोरी, दुधाचं मडकं येगळं, येलाचं येगळं. कोरं मडकं बारीक बारीक पाझरतंय. भवतीची माती सुकली की ती वढून घेती, वली झाली की थांबती. म्हून थेंबबी वाया जात न्हाई. मुळं त्या मडक्याला मिठी मारून बसत्यात. तू त्यांच्या तोंडाम्होरं दारच लावून घेतलंस."

"मग आता? घासून काढू?"

"घासून जायाचं न्हाई ते. पुन्यांदा आव्यात घालून भाजलं, तर पेज जळून जाईल. पर आवा आता आखिती झाल्यावर आठ दिसांनी पेटंल."

आठ दिवस वेलांकडे नव्हते. आणि कोरी मडकी? जी होती ती सगळी आखितीसाठी सांगून ठेवलेली होती. मंजुळाबाईने मडकी घेतानाच सांगून ठेवलेली आईच्या नावाची एक केळी मात्र गोजाबाईने बाजूला ठेवली होती. आई गेल्यानंतरची ही पहिली आखिती. केळीचे पैसे मंजुळाबाईने चुकते दिले. गडबडीत जुने दोन पैसे दोघींच्याही ध्यानात आले नाहीत.

घरी आल्यावर ज्योतीरामने एक तोड काढली. "खिळ्यानं भोक पाडू. त्यात काय?" त्याने पुरलेल्या एका मडक्यात आतून खिळा ठोकला. त्याचा चहा पिऊन होईपर्यंत मडके रिकामे झाले, भोवती चिखल झाला, आणि भोकापासून गळ्यापर्यंत तडा गेला. त्याने खिळा गुपचूप डब्यात ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आखितीच्या सकाळी मंजुळाबाईने केळी पुजली, पाण्याने भरली, त्यात वाळा घातला आणि देवापुढे बसून राहिली. हे पाणी आता ब्राह्मणाला द्यायचे, नाहीतर कोणा तहानलेल्याला. तिने केळीच्या पोटाला हात लावला. मातीला घाम फुटला होता, बोटे ओली झाली.

ती उठली, कुदळ घेतली आणि मागे गेली.

शालनबाई धावत आली. "वैनी, काय करताय? पितरांचं भांडं मातीत पुरता?"

"आईला पाणी द्यायचंय न्हवं? मग ती जिथं हाय तिथंच देते." मंजुळाबाईने सर्वांत हिरव्या वेलापासून वीतभर अंतरावर खड्डा घेतला. "आणि शालनताई, एक सांगायचं हाय. आधी हसून घ्या, मग बोला." तिने पेजेची सगळी हकीकत सांगून टाकली.

शालनबाई कुंपणाला धरून हसली. "म्हणजे आम्ही पेजेच्या टोपाला हळदकुंकू लावलं! मी तर मुलाच्या परीक्षेसाठी नवसही बोलले होते हो!" मग डोळे पुसता पुसता तिने उरलेल्या दोन वेलांकडे पाहिले. त्यांची पाने कडांनी तपकिरी झाली होती. ती घरात गेली आणि आपली केळी घेऊन आली. "ही मामंजींच्या नावची. आयुष्यभर ओरडत असायचे, शालन, माडांना पाणी घातलंस काय? आता गप बसतील."

हसण्याचा आवाज ऐकून अर्जुनराव आले. त्यांना सारे सांगणे भागच होते. ज्या मडक्यांचे कौतुक त्यांनी विहिरीवर केले होते, ती मडकी बंद भांडी निघाली, हे ऐकताना त्यांची छडी हळूहळू खाली आली.

"म्हणजे मी छडीनं पेजेची पारख केली," ते म्हणाले.

"चूक माझी हाय, दादा. उद्या इहिरीवर मीच सांगते समद्यांना."

"काही गरज नाही. बोललो मी, सांगेन मी." ते वळले. मंजुळाबाईला वाटले, रागावून गेले. पण ते थोड्या वेळाने परत आले, आणि हातात केळी होती. "आफ्रिकेच्या वाळवंटात माझा एक जोडीदार गेला, भैरू नावाचा. शेवटी पाणी मागत होता. माझ्या बाटलीत नव्हतं. दरवर्षी त्याच्या नावानं ही भरतो आणि कोणाला द्यावी ते मला कळत नाही." त्यांनी केळी मंजुळाबाईच्या हातात दिली. "लावा तिसऱ्या वेलाला. आणि हिला जेवू घालू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाईने झाकण उघडले. पाणी चार बोटे उतरले होते. माती वरून कोरडी, आणि बोट खुपसले तर आत गार. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वेलांनी मान वर केली. चौथ्या दिवशी अर्जुनरावांनी छडी बुडवून पाणी मोजले, आणि ते कमी झालेले पाहून समाधानाने मिशीवर हात फिरवला. तीन केळ्या भरायला दोन दिवसांतून अर्धी बादली पुरत होती.

ज्येष्ठात दोडके लागले. ज्योतीराम रोज कारखान्यातून आला की आधी मागे डोकावायचा.

"कवळे आहेत गं. आज भाजी होऊन जाऊ दे."

"हात लावू नगा. पहिलं बियाला. मग शालनताईंना, मग सुभेदारदादांना. उरलं तर तुमाला."

"मडकी कोणी उचलून आणली भोसरीपासून?"

"आन् खिळा कुनी ठोकला?"

पहिला दोडका पिवळा झाला, मग तपकिरी, मग वाळून वाजू लागला. तो तिने स्वतः तोडला. ज्योतीरामने बिया मोजल्या: एकशे बारा. शिरांना धार नव्हती, हातभर लांबी होती. मंजुळाबाईने त्यातल्या निम्म्या शेणात कालवून खोलीच्या भिंतीवर थापल्या आणि निम्म्या पुड्यांत बांधून वाटल्या. ती पुढे पंचवीस वर्षे दर फाल्गुनात त्या पुड्या वाटत राहिली. चाळ गेली, पक्की घरे आली, नळ आले. पुडी घेणाऱ्याला ती एकच गोष्ट बजावायची, की मडके कोरे पुरा. आणि दह्याच्या मडक्यांना पेज पाजायला लोक तिच्याकडेच येत राहिले.

त्या वर्षीच्या दिवाळीला ती पहिली पुडी आणि दोन नवे पैसे घेऊन चाकणला गेली. गोजाबाईने पुडी घेतली. पैशांकडे पाहिलेही नाही.

"ते ऱ्हाऊ दे. तेवढ्यापायी तरी येशील."

मंजुळाबाई पुढेही दर वर्षी गेली. गोजाबाईने पैसे कधी घेतले नाहीत, आणि आपला हिशेब चुकीचा होता असेही कधी म्हटले नाही.

सात मडक्यांचे दोन नवे पैसे अजून देणे आहेत.